सोंगणीआधी विळा पाजवताना

सोयाबीनची पाने गळू लागली की देऊळघाटात घरोघरी विळे बाहेर निघतात. इथल्याच एका बांधावर एका बाईने आदल्या दिवशीच धार लावलेला विळा मला दाखवला. "सायेब, नवी धार, अन् दुपारीच बोथट!" पात्याचा काठ निळा पडला होता. ग्राइंडरवर कोरडाच घासून आणलेला.

निळा रंग म्हणजे पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, लोहाराने दिलेले पाणी उतरले. मग कितीही घासा, धार टिकत नाही. विळा पुन्हा लोहाराकडेच न्यावा लागतो. त्यापेक्षा घरचा दगड बरा. तो सतत ओला ठेवून सावकाश घासावे.

पाते फार उभे धरले तर धार जाड होते, अगदी आडवे धरले तर काठ पातळ होऊन मुडपतो. मूळचा उतार असेल त्याच बाजूने, पात्याची पाठ दगडापासून अर्धे बोट उचलून घासा. उलट बाजूला बारीक खरखर लागली की थांबा; ती बाजू दगडावर सपाट ठेवून एक-दोनदा हलकेच फिरवली की खरखर निघते. धार बोटावर नको, काडीवर पाहा. वैभवसारख्या दातेरी विळ्याच्या दातांवर मात्र दगड फिरवूच नका.

बोथट विळ्याने झाड ओढावे लागते, वाळल्या शेंगा तडकून दाणे मातीत जातात. विळा निसटला तर सोंगणाऱ्या बाईचा हात कापतो, ऐन हंगामात रोजी बुडते. जखमेत माती भरू नका. स्वच्छ पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.