हॉर्न चांगला, वायर चांगली, तरी गाडी मुकी!

वाशिंदला आमच्या शेजारी राहणाऱ्या तात्यांनी उभी हयात मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालवली. गावी परतल्यावर त्यांनी एक जुनी खाजगी पद्मिनी घेतली; दुसरी कोणतीही गाडी आपल्या हाताला लागत नाही, असे ते म्हणतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 पासून ‘फिएट 1100 डिलाइट’ या नावाने बाहेर पडू लागलेली ही मोटार 1974 मध्ये ‘पद्मिनी’ झाली. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. तात्यांची गाडी मात्र अजून रोज बाजारापर्यंत जाते.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी बाजाराच्या वळणावर एक मुलगा सायकलवरून अचानक आडवा आला. तात्यांनी हॉर्नचे बटण दाबले. आवाज आला तो फक्त ‘टक्’ असा, तोही बॉनेटच्या आतल्या आत. ब्रेक वेळेवर लागले म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्तीला गेली आणि तेथून पुढे पंधरवडाभर जे चालले, ते भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे.

मेकॅनिकने दोन्ही हॉर्न काढून थेट बॅटरीला जोडले. दोन्ही खणखणीत वाजले. म्हणजे हॉर्न चांगले. मग हॉर्नकडे येणाऱ्या वायरीवर मल्टीमीटर लावून बटण दाबले. मीटरने जवळजवळ 12 व्होल्ट दाखवले. म्हणजे वायर चांगली. फ्यूज शाबूत होता. उरले बटण, म्हणून ते बदलले. हॉर्न मुकाच. मग रिले बदलला. तरीही ‘टक्’! शेवटी तात्या माझ्याकडे आले.

“सर, तुम्ही पोरांना वीज शिकवता ना? मग हिचा आवाज कुठं गेला ते सांगा बरं!”

हॉर्न वाजतो कसा, हे आधी पाहू. विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेतील विद्युत-घंटा तुम्ही पाहिली असेलच. तिच्यात विद्युत-चुंबक लोखंडी पट्टी ओढतो, पट्टी सरकताच मंडल तुटते, चुंबकत्व जाते, पट्टी मागे येते आणि मंडल पुन्हा जोडले जाते. हॉर्नमध्ये हेच घडते, फक्त पट्टीऐवजी पोलादी पडदा असतो आणि हे जोडणे-तोडणे सेकंदाला सुमारे चारशे वेळा चालते. पडदा तितक्याच वेगाने थरथरतो आणि हवेला हादरे देतो. रबरी फुग्याचे भोंगे वाजवीत फिरणाऱ्या रिक्षा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या विजेच्या भोंग्याचे मोल सांगायला नको.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रवाह अपुरा असेल तर चुंबक पडद्याला थोडासा ओढतो, पण मंडल तोडण्याइतका ओढू शकत नाही. मंडल तुटत नाही, म्हणून पडदा मागेही येत नाही. तो एकदा ‘टक्’ करून तसाच अडकून राहतो. अशा वेळी चिडून बटण दाबून धरू नये, कारण वेटोळ्यातून अखंड प्रवाह जात राहतो आणि ते तापते. तेव्हा तात्यांच्या गाडीतला ‘टक्’ हा मोठा बोलका होता. प्रवाह पोचत होता, पण तो पुरेसा नव्हता.

या गाडीत कोणीतरी मागाहून रिले बसवलेला आहे. बटणातून जाणारा लहानसा प्रवाह रिलेला जागे करतो आणि रिले हॉर्नचा मोठा प्रवाह सोडतो. म्हणजे वाट अशी: बॅटरीचे धन अग्र, फ्यूज, रिले, हॉर्न आणि परत बॅटरीचे ऋण अग्र. पण हॉर्नकडून परत बॅटरीपर्यंत जाणारी वायर शोधाल तर ती सापडणार नाही. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा! मोटारीचे सांगाडे लोखंडाचे, लोखंड वाहक, मग दुसरी वायर हवी कशाला? कारखान्याचे तांबे वाचते. तारायंत्राच्या कामात म्युनिकच्या श्टाइनहाइलने 1838 मध्ये जमिनीचाच परतीची तार म्हणून उपयोग करून दाखवला होता. मोटारीत पत्रा तेच काम करतो. गॅरेजमध्ये याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. प्रत्यक्ष जमिनीशी त्याचा काही संबंध नसतो, पण नाव पडले ते पडले.

मी मीटर घेतला. काळी सळई बॅटरीच्या ऋण अग्रावर, लाल सळई हॉर्नच्या येणाऱ्या वायरीवर. तात्यांच्या नातीला बटण दाबायला सांगितले. मीटरने 11.6 व्होल्ट दाखवले. मीही मेकॅनिकसारखेच म्हणालो, “पुरवठा ठीक आहे. हॉर्नच्या मागचा स्क्रू फिरवून पाहू.” नात नववीत आहे. ती गाडीतूनच म्हणाली, “सर, हॉर्नला दोन टोकं आहेत ना? मग तुम्ही एकच का मोजलं?”

वीस वर्षे मी विभवांतर शिकवतो आहे. विभवांतर नेहमी दोन बिंदूंमधले असते, हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल त्याची गणती नाही. आणि इथे मी हॉर्नचे एक अग्र मोजून हॉर्नला 11.6 व्होल्ट मिळतात असे गृहीत धरले होते. ते कधी खरे असते? दुसरे अग्र बॅटरीच्या ऋण अग्राइतक्याच विभवावर असेल, तेव्हाच.

काळी सळई होती तिथेच ठेवून लाल सळई हॉर्नच्या दुसऱ्या अग्रावर टेकवली. बटण दाबले. मीटर शून्याच्या आसपास हवा होता. त्याने 8 व्होल्ट दाखवले! म्हणजे हॉर्नच्या वाट्याला आले 11.6 वजा 8, अवघे 3.6 व्होल्ट. उरलेले 8 व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते.

मग शोध सोपा झाला. दुसऱ्या अग्रातून एक हातभर काळी वायर निघून समोरच्या पत्र्यावरच्या बोल्टखाली दाबलेली होती. त्या बोल्टच्या शेजारी पत्रा थोडा खरवडून सळई टेकवली: जेमतेम 0.1 व्होल्ट. वायरीच्या टोकावर 8 आणि बोटभर अंतरावरच्या पत्र्यावर जवळजवळ काहीच नाही. चोर त्या बोटभर अंतरात होता.

तात्यांना तेव्हा आठवले. उन्हाळ्यात त्यांनी गाडीचे डेंटिंग-पेंटिंग करून घेतले होते. रंगाऱ्याने हॉर्न उतरवले, पत्रा झकास रंगवला आणि हॉर्न त्या रंगावरच परत बसवले. रंग हा विद्युतरोधक. तरी काही महिने हॉर्न वाजला, कारण बोल्टचे आटे पत्र्याला घासून जेमतेम संपर्क राखून होते. मग आपल्याकडचा पाऊस आला. आट्यांवर गंज चढला. गंज म्हणजे लोहाचे जलयुक्त ऑक्साइड, त्यातून वीज नीट जात नाही. ज्या नव्या रंगाचे कौतुक झाले, त्यानेच आवाज बंद केला होता.

हा रोध होता तरी किती? दोन्ही हॉर्नची वेटोळी समांतर जोडलेली, त्यांचा मिळून रोध सुमारे 0.8 ओहम. त्यांच्यावर 3.6 व्होल्ट, म्हणून प्रवाह 4.5 अँपिअर. तोच प्रवाह गंजलेल्या जोडातून जातो आणि तिथे 8 व्होल्ट खर्च होतात. 8 भागिले 4.5, म्हणजे सुमारे 1.8 ओहम. इतका क्षुल्लक! घरातल्या जुन्या 60 वॅटच्या तारेच्या दिव्याचा पेटलेल्या अवस्थेत रोध जवळजवळ 880 ओहम असतो. त्याच्या मंडलात असले दोन ओहम वाढले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण 12 व्होल्टवर काम करायचे तर प्रवाह मोठा लागतो, आणि मोठ्या प्रवाहाला एकेक ओहम भारी पडतो. मल्टीमीटरची ‘पीं’ करणारी तपासणी तर वीस-तीस ओहमलाही खुशाल ‘पीं’ म्हणते. गंजलेला जोड तिने बिनबोभाट पास केला असता.

मेकॅनिकचे मोजमाप चुकीचे नव्हते. त्याने हॉर्न बॅटरीला जोडला तेव्हा तो गंजलेला जोड मंडलात नव्हताच. त्याने वायर मोजली तेव्हा तो जोड मोजमापाच्या पलीकडे होता. सगळे भाग सुटे-सुटे तपासले गेले. ज्या जागी ते एकमेकांना भेटतात ती जागा तेवढी राहून गेली.

खात्रीसाठी एक जाड वायर हॉर्नच्या काळ्या वायरीपासून थेट बॅटरीच्या ऋण अग्रापर्यंत धरली आणि नातीला खूण केली. हॉर्न असा काही ओरडला की समोरच्या चिंचेवरचे कावळे उडाले! मग पान्ह्याने बोल्ट सोडवला, खालचा रंग आणि गंज पॉलिशपेपरने घासून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस फासले. पुन्हा मोजले: बटण दाबलेले असताना परतीच्या वाटेवर 0.1 व्होल्ट. खर्च शून्य. बटण आणि रिले यांच्यावर तात्यांचे पैसे आधीच गेले होते, ते काही परत आले नाहीत.

असले काम घरी करताना हातातली अंगठी, कडे काढून ठेवा. 12 व्होल्टचा धक्का बसत नाही हे खरे, पण मोटारीच्या बॅटरीची दोन अग्रे धातूने जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी क्षणात लाल होते. आणि फ्यूज उडाला तर त्याच्या जागी जाड तार गुंडाळू नका.

गाडी नसली तरी हा प्रकार शाळेत करून पाहता येईल. चार घट, जुन्या पद्धतीचा तारेचा लहान बल्ब आणि दोन्ही बाजूंनी टोक काढलेली पेन्सिल घ्या आणि तिन्ही एकसरीत जोडा. बल्ब मंद पेटेल. आता बल्ब काढून त्याच्या रिकाम्या जागेवर मीटर लावा. पेन्सिल मध्ये असूनही तो घटांचे पुरे विभवांतर दाखवील, कारण मीटरमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, आणि प्रवाह नाही तर पेन्सिलीत व्होल्ट खर्च होणार कुठून? बल्ब परत लावून त्याच दोन बिंदूंवर पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक वहीत लिहा, आणि तेवढेच व्होल्ट पेन्सिलीच्या दोन टोकांमध्ये सापडतात का तेही पाहा.

तात्यांची नात परवा सांगत होती, की गाडीचा डावा दिवा उजव्यापेक्षा किंचित पिवळा दिसतो. त्याची काळी वायरही त्याच रंगवलेल्या पत्र्यावर आहे. येत्या रविवारी मीटर तिच्या हातात असेल आणि बटण दाबायला मी बसणार आहे.