तुटणारी जोडणी आणि तिचा माग

चंद्रपूर जिल्ह्यांतील गोंडपिपरी हा वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या दरम्यानचा अरण्यमय तालुका होय. अशा दूरदूरच्या ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंचें जाळें नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजुरी दिली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नांवानें ओळखली जाते. सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेची देवघेव अशीं कामें आतां ब्रॉडबँडवरून होतात. अर्ज भरतां भरतां जोडणी तुटली आणि मुदतीचा तो शेवटचा दिवस असला, तर एखाद्या विद्यार्थ्याचें वर्ष पणाला लागतें.

जोडणी कायमची बंद पडल्यास दोष शोधणें सोपें असतें. ती मध्येंच तुटून आपोआप पुनः जुळूं लागली, म्हणजे मात्र पंचाईत होते. दुरुस्ती करणारा येतो तेव्हां सर्व सुरळीत असतें. त्याची पाठ वळली कीं पुनः तोच प्रकार. लोक अशा दोषाला लहरी म्हणतात. परंतु यंत्राला लहर नसते. त्याच्या बिघाडाची वेळ कोणी टिपून ठेवलेली नसते, इतकेंच.

म्हणून पेंचकस हातीं घेण्यापूर्वीं वही घ्यावी. जोडणी केव्हां तुटली, केव्हां जुळली, कोणकोणतीं यंत्रें बंद झालीं, राउटरवरील दिवे कसे होते, वीज व हवा कशी होती, हें आठवडाभर लिहावें. मग वहीला एकच प्रश्न विचारावा: एका वेळीं किती जण तुटले?

एकटा मोबाईलच तुटत असेल, तर दोष बहुधा घरांतच असतो. अंतर व जाड भिंती यांनीं बिनतारी लहरी क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत शेजाऱ्यांचे राउटर आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी यांचीही गर्दी असते. या पट्ट्यांतील १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींवर चढत नाहींत. त्यांतील मोकळी असेल ती निवडावी. ठराविक अंतरानें जोडणी तुटत असेल, तर संशय पत्त्यावर घ्यावा. राउटर प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता जणूं भाडेपट्ट्यानें देतो. निम्मी मुदत सरली कीं यंत्र नूतनीकरण मागतें. शेवटपर्यंत उत्तर आलें नाहीं, तर पत्ता जातो व जोडणी तुटते. घरांत जुना राउटर लावलेला असून तोही पत्ते वांटत असेल, तर एकच पत्ता दोघांस मिळून घोटाळा होतो. पत्ते वांटण्याचें काम एकाकडेच ठेवावें.

सर्व घरच तुटत असेल, तर राउटरच्या माहितीपानावर तो किती वेळ अखंड चालू आहे तें पाहावें. प्रत्येक खंडानंतर हा आंकडा शून्यापासून सुरू होत असल्यास यंत्र स्वतःच बंद होऊन उठत आहे, असें समजावें. विजेचा दाब उतरणें, अडॉप्टर जीर्ण होणें किंवा यंत्र तापणें हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत. चंद्रपूरकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेथें पत्र्याखालीं बंद कपाटांत ठेवलेलें यंत्र तापल्यास नवल नाहीं.

आंकडा अखंड असून ‘लॉस’ हा तांबडा दिवा लागत असेल, तर प्रकाशच पोंचत नाहीं. घरच्या यंत्रास येणारा प्रकाश साधारणतः उणें आठ ते उणें सत्तावीस डीबीएम या मर्यादेंत असावा लागतो; तीन एककें घटलीं म्हणजे प्रकाश निम्मा झाला. मोजमाप उणें सव्वीस असेल, तर जोडणी चालते खरी, परंतु कांठावर चालते. वाऱ्यानें फांदी तारेवर घासली किंवा सांध्यांत पाणी शिरलें कीं ती कांठावरून खालीं पडते. जंगलांतून खांबांवरून नेलेल्या तारेस ही भीति अधिक. तंतु काटकोनांत वाकवूं नये. त्याच्या टोकाशीं डोळा मुळींच नेऊं नये, कारण आंतील प्रकाश अदृश्य असला तरी डोळ्यास अपायकारक ठरूं शकतो.

शेजारचीं घरेंही त्याच क्षणीं तुटत असतील, तर दोष सामाईक वाटेवर आहे. एका तंतूवर स्प्लिटर नांवाच्या विभाजकानें बहुधा ३२ किंवा ६४ ग्राहक जोडतात. वर जाणारा संदेश प्रत्येक घरच्या यंत्रानें नेमून दिलेल्या क्षणींच पाठवावयाचा असतो. वर्गांत एकानें पाळी सोडून ओरडावें आणि कोणाचेंच ऐकूं येऊं नये, तसा प्रकार एका बिघडलेल्या यंत्रामुळें होतो: एकाचा दोष, आणि तुटतात सगळे. अशा वेळीं केंद्रांतील माणसें एकेक ग्राहक क्रमानें अलग करून दोषी यंत्र शोधतात. येथें शेजाऱ्यांच्या वह्या जुळवून पाहिल्यास मोठा उपयोग होतो.

उपाय करतांना एका वेळीं एकच बदल करावा व त्याचीही नोंद ठेवावी. एरवीं कशानें गुण आला तें कळत नाहीं. “नेट सारखें जातें” या तक्रारीला सेवा केंद्रांत फारसें उत्तर मिळत नाहीं. “रोज दुपारीं दोनच्या सुमारास तीन घरें एकदम तुटतात, राउटर चालू राहतो आणि तांबडा दिवा लागतो” असें सांगणाऱ्याची तक्रार मात्र कोणत्या खांबापासून पाहावयाचें तें दाखविते. गोंडपिपरीच्या ग्रामपंचायतींत काय किंवा पुण्याच्या सदनिकेंत काय, शोधाचा क्रम हाच राहील.