मेणाचा नवस

नवस बोलण्याची चाल जशी चंदगडच्या रवळनाथाच्या देवळात, तशीच ती मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरील मरियामातेच्या ख्रिस्तमंदिरातही आहे. कोळी लोक या मातेस ‘मोतमाउली’ म्हणतात. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन. त्या सुमारास तेथे आठवडाभर जत्रा भरते. वाटेवरील दुकानांत मेणाचे हात, पाय, घरे, बाळे मांडलेली असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो. ज्यास घर हवे तो घर. हिंदूही वाहतात, मुसलमानही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील कॉरिंथ नगरीत लोक आरोग्यदेवतेला मातीचे अवयव वाहत. ते उत्खननात सापडले आहेत. मातीच्या मानाने मेण अल्पायुषी खरे! एखादी वृद्धा इवलेसे मेणाचे पाऊल ठेवून मुकाट्याने परतते. ते कोणाचे, हे तिलाच ठाऊक.