मलकापूरचं ऊन आणि आपली पूर्णाथडी
मे महिन्यात मलकापूरकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा शेतातल्या घराचं वेळापत्रक जनावरंच ठरवतात. चारा-पाणी सकाळी नऊच्या आत उरकायचं.

सगळ्यात जास्त जपावं लागतं म्हशीला. गायीपेक्षा तिला घामाच्या ग्रंथी फार कमी, त्यात कातडी काळी. म्हणून तिला डुंबायला पाणी लागतं. पण आपली पूर्णाथडी पाहा! बुलडाणा, अकोला, अमरावती या पूर्णाकाठच्या पट्ट्यातली ही नोंदणीकृत जात, रंगाने भुरकट-पांढुरकी. दूध मुऱ्हा जातीच्या म्हशीपेक्षा कमी, पण वऱ्हाडचं ऊन सोसते. मला विचाराल तर दारात तीच हवी.

कोंबड्यांना तर घामच येत नाही, त्या चोच उघडून धापा टाकतात. खुराड्यावर पऱ्हाट्यांचा मांडव घाला, वर ओलं गोणपाट टाका. परसातल्या भेंडी-गवारीलाही उन्हात जपा; बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरलं की ओल टिकते.

विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे जनावरांना पाणी दाखवायचं काम मुलांकडे सोपवा. आजीने खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून कोंबड्या हाकलणं, तेही त्यांच्याकडेच!