वाट थांबते तेव्हा

नाशिकहून गुजरातकडे जाणारा एक रस्ता पेठवरून जातो. वापी, धरमपूरकडचे भाविक याच वाटेने त्र्यंबकेश्वर, शिर्डीला येतात. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे ही वाट थांबली.

१७ मार्चला शिर्डीचे साईमंदिर बंद झाले, २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली. राज्यातली मंदिरे १६ नोव्हेंबरला उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत.

पर्यटनाचा माल साठवता येत नाही. न विकलेली नागली कणगीत राहते; लॉजची रिकामी गेलेली रात्र मात्र कायमची बुडते. शिवाय एका प्रवाशामागे साखळी असते: गाडीचालक, फुलवाला, रस्त्याकडेचा चहावाला, त्याला दूध घालणारा शेतकरी. प्रवासी आला नाही की या प्रत्येकाची कमाई थांबते.

देशाचेही तेच झाले. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले, २०२० मध्ये जेमतेम २७ लाख. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली.

निर्बंध जीव वाचवण्यासाठी होते आणि ते गरजेचेच होते. पण पुन्हा अशी वेळ आली, तर मदतीच्या यादीत टपरीवाल्याचे आणि चालकाचे नाव आधी हवे.