भेटीची रक्कम आणि दुकानाचा गल्ला

नांदेडचे वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, रमजानच्या खरेदीसाठी आम्हा कापड व्यापाऱ्यांना घरचीच माणसे पैसे देतात. ती रक्कम थेट गल्ल्यात पडली, तर पुढे विक्रीत धरली जाण्याचा धोका असतो.

जुना भेट-कर १९९८ साली रद्द झाला. २००४ पासून भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात मोजतात. आई-वडील, पती-पत्नी, मुले, भावंडे, काका, मामा यांनी दिलेल्या रकमेवर कर नाही. चुलतभाऊ किंवा मित्रांकडून वर्षात एकूण ५० हजारांहून अधिक आले, तर साऱ्या रकमेवर कर बसतो. काकाने पुतण्याला दिले तर माफ. आखातातल्या पुतण्याने काकाला पाठवले तर माफ नाही!

हिबा तोंडीही होतो. पण कर अधिकारी कागद मागतो. म्हणून रक्कम बँकेतून घ्यावी, देणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी ठेवावी आणि वहीत वेगळी नोंद करावी. २ लाख किंवा अधिक रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. परत करायचे पैसे मात्र भेट नव्हेत, ते कर्ज. तेही २० हजार किंवा अधिक असेल तर रोखीने घेऊ नये.

नाते सांभाळावे, तसा हिशेबही सांभाळावा.