सुट्टीत वाचनालयात एवढी गडबड कसली असते? आणि ग्रंथपालांचा पगार येतो कुठून?

एप्रिल उजाडला की वाचनालयांच्या दारावर ‘सुट्टीतील बाल सभासद योजना’ असा फलक लागतो. महिना-दीड महिन्याची वर्गणी, थोडी अनामत आणि दर एक-दोन दिवसांनी पुस्तक बदलून घ्यायची मुभा. उन्हाळी शिबिरांची फी पाहिलेल्या पालकांना हा सुट्टीतला सगळ्यात स्वस्त उद्योग वाटतो, आणि तो आहेच. पण तो इतका स्वस्त कसा राहतो, हे समजून घ्यायचं तर टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाकडे पाहावं लागतं. कारण वाचनालय चालवणाऱ्यांसाठी उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हे, तर वर्षातला सगळ्यात धावपळीचा काळ.

एप्रिलमध्येच काम का वाढतं?

महाराष्ट्रातली बहुसंख्य सार्वजनिक वाचनालयं सरकार स्वतः चालवत नाही. ती स्थानिक संस्था चालवतात आणि सरकार त्यांना दरवर्षी अनुदान देतं. हे अनुदान हप्त्यांत मिळतं. शेवटचा हप्ता हाती पडेपर्यंत आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पुस्तकखरेदी मार्चमध्ये होते आणि गठ्ठे फोडायचं काम एप्रिलवर येतं.

पुस्तक आलं आणि कपाटात ठेवलं, असं होत नाही. आधी त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते आणि त्याला दाखल अंक मिळतो. मग ठरलेल्या पानांवर शिक्के, विषयानुसार वर्गांक, आत तारखेची चिठ्ठी, बाहेर कव्हर. वर्गांकासाठी जगभर वापरली जाणारी ड्युई दशांश पद्धत १८७६ मधली आहे. तिच्यात मराठी साहित्याचा पत्ता ८९१.४६ असा लागतो. छोट्या वाचनालयांत मात्र कादंबरी, कथा, चरित्र, बालसाहित्य एवढीच विभागणी असते. वाचकाला तीच सोपी पडते, असं माझंही मत. दशांशचिन्हानंतरचे आकडे पाठ करून कोणी कादंबरी शोधत नाही.

त्याच दिवसांत मागच्या वर्षाचे हिशेब, लेखापरीक्षण, वार्षिक अहवाल आणि पुस्तकांची मोजणीही उरकायची असते. दुपारी चारनंतर बालविभागात गर्दी होते. एक जण गोष्टींची पुस्तकं बदलायला आलेला, दुसऱ्याचं कार्ड हरवलेलं, तिसऱ्याच्या आजोबांना कालचा अंक हवा असतो. वरच्या मजल्यावर अभ्यासिका असेल, तर तिथली स्पर्धा परीक्षांची मुलं मे महिन्यातही हलत नाहीत आणि पंखा बंद पडला की तक्रार खालीच येते.

आणि व्याख्यानमाला?

मे महिन्यातल्या संध्याकाळी व्याख्यानं ऐकायची सवय आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. अनेक वाचनालयं आजही उन्हाळ्यात व्याख्यानं, कथाकथन, मुलांच्या स्पर्धा घेतात. सतरंज्या, माईक, पाहुण्यांसाठी चहा आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रासाठी बातमी, हे सगळं वाचनालयाचेच कर्मचारी बघतात.

पावसाळ्याआधी पुस्तकं उन्हात ठेवतात का?

नाही, आणि घरीही ठेवू नका. थेट उन्हात कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि बांधणीतला डिंक सुकून पानं सुटतात. पुस्तकं सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवायची असतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरायला लागते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ही पातळी सहज ओलांडली जाते. म्हणून मे महिन्यात कपाटं भिंतीपासून थोडी पुढे ओढणं, खालचे फळे रिकामे करणं, वाळवीच्या मातीच्या रेषा शोधणं आणि कसर लागलेली पुस्तकं वेगळी काढणं सुरू होतं.

जुन्या संस्थांसाठी हे काम जिकिरीचं आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. अशा जुन्या संग्रहांतली कित्येक पुस्तकं आता छापली जात नाहीत. ती खराब झाली तर दुकानातून दुसरी प्रत आणता येत नाही.

आता मुद्द्याचं: पगार किती?

‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम’ १९६७ मध्ये आला. त्याखालच्या नियमांनुसार वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार अनुदान ठरतं. शासकीय जिल्हा ग्रंथालयांतले कर्मचारी सरकारी नोकर असतात, त्यांना सरकारी वेतन मिळतं. अनुदानित वाचनालयांतले कर्मचारी मात्र संस्थेचे नोकर. त्यांच्यासाठी वेतनश्रेणी नाही. अनुदानाचा साधारण निम्मा भाग वेतनासाठी आणि उरलेला पुस्तकं, नियतकालिकं, वीजबिल, भाडं अशा खर्चासाठी, अशी वाटणी असते.

२०२२ च्या अखेरीस सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर केली. त्यानुसार ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झालं. निम्मे वेतनासाठी धरले तर वर्षाला २४ हजार, म्हणजे महिन्याला २ हजार रुपये. हे गणित करायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. तुलनेसाठी, रोजगार हमी योजनेची महाराष्ट्रातली मजुरी २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे ग्रंथपालाचा महिन्याचा पगार सात दिवसांच्या मजुरीएवढाही भरत नव्हता.

वरच्या वर्गात चित्र बरं असेल, असं वाटतं. जिल्हा किंवा तालुक्याचा दर्जा नसलेल्या ‘इतर अ’ वाचनालयाचं अनुदान त्या वाढीने २ लाख ८८ हजारांवरून ४ लाख ६० हजार ८०० वर गेलं. त्यातला निम्मा भाग महिन्यांवर वाटला तर येतात १९ हजार २०० रुपये. पण ते एकट्याचे नाहीत. ग्रंथपाल, लिपिक, शिपाई अशा सगळ्यांना त्यातूनच वाटून द्यायचे. शहरांतल्या मोठ्या संस्था वर्गणी, सभागृहाचं भाडं, देणग्या यांतून भर घालतात. गावातल्या वाचनालयाकडे ना सभागृह, ना देणगीदार.

शिवाय हप्ता येईपर्यंत दरमहा पगार द्यायचा कशातून, हा प्रश्न उरतोच. काही संस्थांचे पदाधिकारी पदरमोड करतात. काही ठिकाणी कर्मचारी थांबतात. अनेक ग्रंथपाल सकाळी दुसरीकडे काम करून संध्याकाळी वाचनालय उघडतात. ‘वाचनालय संध्याकाळीच का उघडतं?’ असा प्रश्न पडला असेल, तर त्याचं एक कारण हे आहे.

मग मागणी काय आहे?

वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती. व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशी लागू करा, ही कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे. सरकारी बाजूचा युक्तिवाद असा की या संस्था खासगी आहेत, अनुदान ही मदत आहे, वेतनाची हमी नव्हे. त्यात कागदावरच्या वाचनालयांची शंकाही होती. २०१२ च्या मे महिन्यात महसूल खात्यामार्फत राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली. त्रुटी सापडल्या, आणि त्यानंतर नव्या मान्यता व वर्गबदल बरीच वर्षं थांबले. खोटी वाचनालयं शोधायलाच हवी होती. पण चांगलं काम करून ‘ड’मधून ‘क’मध्ये जाऊ पाहणारं वाचनालयही त्याच दारात अडकलं. तिथल्या ग्रंथपालाला पगार वाढण्याचा तो एकच रस्ता होता.

तुम्ही सभासद असाल तर

मुलांची पुस्तकं मोजणीआधी परत करा. एका न आलेल्या पुस्तकासाठी ग्रंथपालांना नोंदवही पुन्हा चाळावी लागते आणि फोन करत बसावं लागतं. जुनी पुस्तकं दान करायची असतील तर आधी विचारा. फाटलेली गाइडं आणि दहा वर्षांपूर्वीची पाठ्यपुस्तकं कोणालाच नको असतात. सुट्टी संपली तरी वार्षिक सभासद राहिलात, तर ती रक्कम संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नात जमा होते.

जूनच्या मध्यात शाळा उघडल्या की बालविभागातली गर्दी ओसरते. विदर्भात उन्हामुळे शाळा थोड्या उशिरा सुरू होतात, त्यामुळे तिथल्या वाचनालयांत मुलांची ये-जा आणखी आठवडाभर चालू राहते.